पॅच मारायला हात धजत नाही

"ताई, सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी तीन वर्षांपासून कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. नेमणूक ऑपरेटरची, पण सर्व्हरही माझ्याच गळ्यात आहे. ग्रंथालयामागच्या खोलीत एकच सर्व्हर, उबुंटू १८.०४ या लिनक्स सिस्टिमवर चालणारा. त्यावर ग्रंथालयाचं कोहा सॉफ्टवेअर, कॉलेजची वेबसाइट आणि एका कंत्राटदाराने २०१९ मध्ये जावात करून दिलेला प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म. गेल्या जुलैत मी सकाळी अकराला सगळे अपडेट मारले आणि फॉर्म बंद पडला. दीड दिवस बंद होता. एसटीने आलेली मुलं आईवडिलांसह व्हरांड्यात बसून होती. प्राचार्य सगळ्यांसमोर म्हणाले, 'चालत्या गाडीला खीळ घालायला कुणी सांगितलं होतं?' कंत्राटदाराने जावाचं परत जुनं व्हर्जन, ८यू१६२, टाकलं, पॅकेज होल्डवर ठेवलं आणि 'आता याला हात लावू नका' म्हणून गेला. तेव्हापासून मी एकही अपडेट मारलेलं नाही. आता बाहेरच्या एजन्सीने स्कॅन करून १८७ त्रुटींचा रिपोर्ट दिलाय, त्यात २३ लाल. पंधरा दिवसांत लाल रंग दिसता कामा नये, असं फर्मान आहे. प्राचार्य म्हणतात, ही फुकटची सॉफ्टवेअरं, भोकं असणारच. हात लावला तर बंद पडतं, नाही लावला तर धोका. रात्री झोप लागत नाही. रिपोर्टाची पानं आणि जुलैत आलेली त्रुटीची ओळ सोबत जोडली आहे. काय करू?"

आधी जुलैचं बोलू. ते मनातून गेल्याशिवाय पुढचं काही नीट ऐकू येणार नाही.

अपडेट मारलंस ही चूक नव्हती. प्रवेशाच्या ऐन गर्दीत मारलंस, कामाच्या वेळेत मारलंस, आणि बिघडलं तर मागे कसं यायचं हे ठरवलं नव्हतंस, ही चूक होती. प्राचार्यांनी चारचौघांत बोलायला नको होतं. पण लांबून आलेल्या पोरांचा दिवस वाया गेला हेही खरं, आणि ते तुला अजून लागून राहिलंय. ज्याला असं लागतं त्याच्याच हातात सर्व्हर असावा, असं मला वाटतं. फक्त तो हात आता नऊ महिने खिशात आहे, आणि ते मात्र बरं नाही.

त्या दिवशी नेमकं काय मोडलं, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. तू जोडलेल्या ओळीत डेटाबेसशी संपर्क तुटल्याचं आणि 'योग्य प्रोटोकॉल नाही' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आहे. हे दुखणं मी पूर्वी पाहिलेलं आहे. एप्रिल २०२१ च्या अपडेटपासून जावाने टीएलएस १.० आणि १.१ ही दोन प्रोग्रामांमधलं बोलणं गुप्त ठेवणारी, पण जुनी, कच्ची ठरलेली कुलपं वापरणं बंद केलं. तुमचा फॉर्म मायएसक्यूएल या डेटाबेसशी ज्या कनेक्टरमधून बोलतो तो २०१९ चा आहे. त्याला वेगळं सांगितल्याशिवाय तो त्या जुन्या कुलपांपलीकडे जात नाही. तुझ्या अपडेटने जावा नवं झालं, त्याने जुनं कुलूप नाकारलं, आणि बोलणं तिथेच थांबलं. कनेक्टरची जार फाइल (जावाच्या कोडचं गाठोडं) नवी टाकली असती, किंवा डेटाबेसच्या जोडणीच्या ओळीत 'टीएलएस १.२ वापर' असं सांगणारं एक पद वाढवलं असतं, तर फॉर्म त्याच दुपारी उभा राहिला असता. म्हणजे नवं जावा आपलं काम बरोबर करत होतं.

कंत्राटदाराने मात्र जावालाच मागे नेलं आणि होल्ड लावला. होल्ड म्हणजे त्या पॅकेजच्या दाराला बाहेरून कडी. तू यापुढे कितीही अपडेट मारलेस तरी जावा ८यू१६२ वरच बसून राहील, आणि अपडेटच्या शेवटी 'इतकी पॅकेजं तशीच ठेवली' एवढी एक ओळ येईल. ती बहुतेक जण वाचत नाहीत. 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' ही आज्ञा देऊन बघ, अशी आणखी किती दारं कडी लावून ठेवली आहेत ते कळेल.

आता २३ लाल ओळी जरा बाजूला ठेव. तू पाठवलेल्या पानांत प्रवेशाच्या फॉर्मविषयी एक अक्षर नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते.

स्कॅनरने काय केलं असेल? सर्व्हरवर ॲप्टने, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या उबुंटूच्या आज्ञेने, बसवलेल्या पॅकेजांची यादी घेतली आणि प्रत्येकाचा व्हर्जन नंबर त्रुटींच्या यादीशी ताडून पाहिला. कंत्राटदाराचा फॉर्म त्या यादीत येतच नाही. तो एक वॉर फाइल म्हणून, म्हणजे अख्खा प्रोग्राम एका गाठोड्यात बांधून, आणून ठेवलेला आहे आणि त्याच्या पोटात वीस-तीस जार फाइली आहेत, प्रत्येक कुणाची तरी मुक्त-स्रोत लायब्ररी, म्हणजे कुणालाही वापरता येणारा तयार कोड. रेशनकार्डावर नाव नाही, पण घरात राहतायत, अशी त्यांची गत. ॲप्ट त्यांना ओळखत नाही, त्यामुळे ॲप्ट त्यांना कधी पॅचही करणार नाही, म्हणजे त्यांच्यातली भोकं बुजवणार नाही. २०१९ ला जशा आल्या तशाच त्या आजही असणार.

त्यात लॉग४जे असण्याची शक्यता मोठी आहे. जावाच्या प्रोग्रामांची रोजनिशी लिहिणारी ही अपाचे या मुक्त-स्रोत संस्थेची लायब्ररी: कोण आलं, काय टाइप केलं, काय चुकलं, सगळं ती लिहून ठेवते. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी अलिबाबा क्लाउडच्या सुरक्षा पथकाने अपाचेला कळवलं की ही रोजनिशी लिहिता लिहिता हुकूमही पाळते. तिच्यापर्यंत एका विशिष्ट साच्यातला मजकूर पोचला, की त्यात दिलेल्या पत्त्यावर ती स्वतः जाते आणि तिथून मिळेल तो कोड आणून चालवते. तो मजकूर कुठे टाइप करायचा? कुठेही. लॉगिनच्या चौकटीत, शोधाच्या चौकटीत, प्रवेशाच्या फॉर्ममध्ये 'विद्यार्थ्याचे नाव' लिहायच्या जागी. पासवर्ड लागत नाही, ओळख लागत नाही. डिसेंबरात ही त्रुटी जगजाहीर झाली तेव्हा तिला गांभीर्याचे १० पैकी १० गुण मिळाले. त्रुटींच्या सीव्हीई या जागतिक यादीत सीव्हीई-२०२१-४४२२८ हा तिचा नंबर, आणि लॉग४शेल हे तिचं नाव.

त्या महिन्यात जगभर आमच्या धंद्यातली माणसं दिवसाचं झोपून रात्रीची जागली. एक पॅच मारून भागलं नाही. २.१५.० आलं, ते अपुरं निघालं. २.१६.० आलं, त्यात दुसरी अडचण सापडली. मग २.१७.०, आणि महिना संपायच्या आत २.१७.१. सुरुवातीला 'एवढं एक सेटिंग बदला, चालेल' असं सांगितलं गेलं होतं, नंतर तेही पुरेसं नसल्याचं कळलं. पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो शोधण्यात. पॅच हातात होता, मारायचा कुठे ते माहीत नव्हतं. जारच्या पोटात जार, तिच्या पोटात आणखी एक.

आणि तुझ्या बाबतीत दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, म्हणून मी इतकं लांबण लावून सांगतेय. बाहेरच्या पत्त्यावरून परका कोड थेट उचलून चालवायला जावाने ८यू१९१ पासून आपणहून मनाई केली. त्याने लॉग४शेल पूर्ण थांबत नाही, दुसऱ्या वाटा उरतात, पण सर्वांत सोपी वाट बंद होते. तुमच्याकडे ठेवलेलं ८यू१६२ त्याच्या आधीचं आहे. म्हणजे फॉर्मच्या पोटात जुनं लॉग४जे असेल, तर कंत्राटदाराने त्या दिवशी फॉर्म चालू करताना मागचं दारही उघडून ठेवलंय.

उद्या सकाळी हे कर. सर्व्हरवर लॉग४जे-कोर या नावाने सुरू होणाऱ्या फाइली शोध. मग फॉर्मच्या वॉर फाइलची एक प्रत तुझ्या मशीनवर घे, ती झिपसारखी उघडते, आणि तिच्या पोटातल्या लिब फोल्डरमध्ये बघ. फाइलच्या नावातच व्हर्जन लिहिलेलं असतं. २.१७.१ किंवा पुढचं असेल तर ही एक काळजी मिटली. त्याखालचं असेल तर फॉर्म त्याच दिवशी बंद कर. प्रवेश जूनमध्ये सुरू होतात, सध्या त्या फॉर्मवाचून कुणाचं अडत नाही. नंतर कंत्राटदाराकडून लॉग४जेची नवी जार टाकलेला फॉर्म घ्या. जावा ८ वर २.१७.१ चालतं, त्यामुळे 'जमणार नाही' असं म्हणायला त्याला जागा नाही. तो फोनच उचलत नसेल, तर त्या जारमधून जेएनडीआय-लुकअप नावाचा, बाहेरच्या पत्त्यावर जाणारा कोडचा तुकडा (क्लास) काढून टाकणं हा अपाचेनेच सांगितलेला तात्पुरता इलाज आहे. तात्पुरता, एवढं ध्यानात असू दे. व्हर्जन १.२ असं काही सापडलं तर लॉग४शेल त्याला लागू नाही, पण त्या शाखेची देखभाल २०१५ लाच थांबली आहे, तेव्हा तीही बदलायचीच.

एक अवघड गोष्टही सांगायला हवी. पॅचने दार बंद होतं, आधीच आत शिरलेला माणूस बाहेर जात नाही. फॉर्म २०१९ पासून इंटरनेटवर उघडा आहे. म्हणून जुन्या लॉगमध्ये इंग्रजी अक्षरांत जेएनडीआय हा शब्द शोध; लॉग४शेलच्या त्या साच्यातल्या मजकुरात तो असतो. सापडला म्हणून घाबरू नकोस, कुणीतरी दार वाजवून गेलं एवढाच त्याचा अर्थ. अशी दारं तेव्हा घरोघरी वाजली. मग क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, तू न लिहिलेली ओळ, यादीत अनोळखी यूजर, रात्री-अपरात्री सीपीयू शंभर टक्क्यांवर नेणारी अनोळखी प्रोसेस असं काही दिसतंय का ते बघ. दिसलं तर त्याच्यावर पॅच मारत बसू नकोस. नेटवर्कची केबल काढ, डिस्क जशी आहे तशी राहू दे, आणि प्राचार्यांना तासाभरात लेखी कळव. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवण्याची सक्ती आहे. तुमच्या संस्थेला ते कसे लागू होतात हे कार्यालयाने आत्ताच विचारून ठेवावं, त्या दिवशी शोधाशोध नको.

आता ये तुझ्या लाल ओळींकडे.

यातल्या बऱ्याच ओळी खोट्या असतील आणि बऱ्याच खऱ्या. त्या वेगळ्या करायला एक खूण आहे, पण आधी एक गोष्ट समजून घे. डेबियन, उबुंटू ही लिनक्स सिस्टिम बनवणारी मंडळी पॅकेजचं व्हर्जन बदलत नाहीत, त्याच जुन्या व्हर्जनला तेवढ्या त्रुटीपुरतं ठिगळ लावतात. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या इंटरनेटवरचं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीत हार्टब्लीड नावाची त्रुटी सापडली. मूळ लेखकांनी ती १.०.१जी मध्ये दुरुस्त केली, म्हणजे 'एफ'पर्यंतचं सगळं धोक्याचं. पण डेबियन ७ वर दुरुस्त झालेल्या पॅकेजचा नंबर होता १.०.१ई-२+डेब७यू५. पुढचा 'ई' बघून वाटतं की हा जुना, फुटका. दुरुस्ती आहे शेवटच्या 'यू५' मध्ये. जो स्कॅनर नुसता पुढचा भाग वाचतो तो ओळ लाल करून मोकळा होतो. असे रिपोर्ट घेऊन साहेब लोक आमच्यावर चालून यायचे, आणि आम्ही पॅकेजचा चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, उघडून त्यातला सीव्हीई नंबर दाखवायचो. तूही तेच कर. उबुंटूच्या सुरक्षा पानांवर प्रत्येक सीव्हीई नंबरासमोर १८.०४ साठी कोणत्या पॅकेज-नंबरात दुरुस्ती आली ते लिहिलेलं असतं. तुझ्या सर्व्हरवरचा नंबर त्याच्याइतका किंवा पुढचा असेल, तर ती ओळ खोडून शेजारी पुरावा लिही. जुलैत अपडेट मारले होतेस, त्यामुळे जुन्या ओळींतल्या पुष्कळ अशाच निघतील. त्या दीड दिवसाचं एवढं तरी फळ पदरात आहे.

खूण आहे ती सीव्हीई नंबरातल्या सालाची. उबुंटू १८.०४ चा नेहमीचा आधार ३१ मे २०२३ रोजी संपला. त्यानंतर सापडलेल्या त्रुटींच्या दुरुस्त्या तुझ्या सर्व्हरकडे येतच नाहीत. जुलैत तू अपडेट मारलेस तेव्हा जे आलं ते त्या तारखेआधीचं साठलेलं. आता रोज मारलेस तरी 'सर्व काही अद्ययावत आहे' असंच उत्तर येईल, आणि ते ऐकून आपण निर्धास्त होतो. नळ उघडलाय, पण धरणातून पाणी सोडणं बंद झालंय. म्हणून २०२१, २०२२ सालच्या ओळी तपासून खोडता येतील. २०२३ च्या मध्यापासून पुढच्या ओळी खऱ्या धर.

यावर इलाज दोन. उबुंटू प्रोची नोंदणी केली तर १८.०४ ला २०२८ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. वैयक्तिक वापराला ती ५ यंत्रांपर्यंत मोफत आहे; कॉलेजला कोणती अट लागते ते नोंदणीआधी वाचून घे. ही झाली उन्हाळ्यापुरती सोय. खरा इलाज म्हणजे नवा सर्व्हर. चालत्या मशीनला १८.०४ वरून २०.०४, तिथून २२.०४ अशा पायऱ्या चढवत नेऊ नकोस, एका पायरीवर अडकलीस तर ना घर का ना घाट का. वेगळ्या मशीनवर नवं डेबियन किंवा उबुंटू टाक, कोहाचा डेटाबेस तिकडे ने, आठ दिवस ग्रंथपालांना त्यावर काम करून बघू दे, मग जुना बंद कर. फॉर्मही याच वेळी वेगळ्या मशीनवर गेला तर उत्तम. ग्रंथालय आणि प्रवेश एकाच छपराखाली असल्यामुळे एकाचं दुखणं दुसऱ्याला लागतं.

भीतीचं काय, ते विचारलंस. धीर धरून भीती जात नाही, मागे फिरायची वाट असली की जाते. पॅच मारण्याआधी ती वाट बांधायची आणि एकदा चालूनही बघायची. सर्व्हर व्हर्च्युअल मशीन असेल तर स्नॅपशॉट घे. नसेल तर क्लोनझिलाने अख्ख्या डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर काढ, त्याच सर्व्हरवर नको. मग लॅबमधल्या एखाद्या पीसीवर ती प्रतिमा उतरवून सर्व्हर उभा राहतो का बघ. हीच तुझी रंगीत तालीम. अपडेट आधी त्या पीसीवर मार. जुलैत ही तालीम झाली असती, तर टीएलएसचं भांडण तुला लॅबमध्ये एकटीला दिसलं असतं, व्हरांड्यातल्या पोरांना नाही.

कोहाबाबत एक वेगळं ध्यानात ठेव. कोहाची पॅकेजं उबुंटूच्या नव्हे, कोहाच्या स्वतःच्या भांडारातून येतात. दर महिन्याला दुरुस्तीची आवृत्ती असते, मे आणि नोव्हेंबरमध्ये मोठी. नवं पॅकेज बसताना डेटाबेसची रचनाही बदलून टाकतं. त्यामुळे 'नाही जमलं तर जुनं पॅकेज परत टाकू' हे कोहाला चालत नाही. जुन्या पॅकेजला नवा डेटाबेस कळत नाही. आधीचा डेटाबेस-बॅकअप हीच परतीची वाट. आणि कोहा व बाकी सिस्टिमचे अपडेट एकाच दिवशी कधी मारू नकोस, मोडलं तर कशाने मोडलं ते कळत नाही.

आणि रीस्टार्ट. ही गोष्ट मी ठेच लागून शिकले. हार्टब्लीडच्या वेळी, एप्रिल २०१४ मध्ये, मी पुण्यात एका ऑफिसात होते. बातमी आली त्या सकाळीच सगळ्या सर्व्हरांवर ओपनएसएसएल पॅच केलं आणि 'झालं' म्हणून वर कळवलं. संध्याकाळी हाताखालच्या एका मुलाने सहज तपासलं, तर वेबसर्व्हर अजून मेमरीचे तुकडे बाहेर फेकत होता. डिस्कवरची लायब्ररी नवी झाली होती, पण चालू असलेल्या प्रोसेसने जुनी लायब्ररी सकाळपूर्वीच मेमरीत घेऊन ठेवली होती आणि तीच वापरत होती. मी सर्व्हिस रीस्टार्ट केलीच नव्हती. तो सबंध दिवस आम्ही सुरक्षित आहोत असं समजून उघडे होतो, आणि तसं मी लेखी दिलं होतं. त्या रात्री सगळ्या किल्ल्या बदलल्या, सर्टिफिकेटं नवी घेतली. तेव्हापासून पॅचनंतर 'नीडरीस्टार्ट' चालवल्याशिवाय आणि बाहेरून तपासल्याशिवाय मी 'झालं' हा शब्द उच्चारत नाही. कोणत्या प्रोसेस अजून जुनी लायब्ररी धरून बसल्या आहेत ते ही आज्ञा दाखवते. तुमच्यासारख्या ठिकाणी तर शनिवारी दुपारी सरळ अख्खा सर्व्हर रीबूट करावा.

शनिवारी म्हणते ते उगाच नाही. प्राचार्यांकडून महिन्याचा एक ठरलेला वेळ लेखी घे. दुसरा शनिवार, दुपारी दोन ते पाच, जून-जुलै आणि परीक्षा फॉर्मचे आठवडे सोडून. त्या वेळात सर्व्हर बंद राहू शकतो हे सूचनाफलकावर आधी लागेल. तातडीची त्रुटी असेल तर मधल्या दिवशीही परवानगी. तातडीची कोणती, हे ठरवायला अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेची एक यादी उपयोगी पडते. प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींची ही यादी त्यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू केली. तुझ्या उरलेल्या लाल ओळींतली जी या यादीत आहे आणि इंटरनेटवरून जिथे पोचता येतं, ती पहिली. सर्व्हरसमोर बसल्याशिवाय जिचा फायदा घेता येत नाही, ती लाल असली तरी पुढच्या शनिवारी.

पॅचनंतर काय तपासायचं तेही आधी कागदावर लिही: एक खोटा फॉर्म भरणं, फीची पावती छापणं, एक पुस्तक देणं-घेणं, बारकोड वाचणं. ग्रंथपालांना सोबत बसव, त्यांना पटकन दिसेल ते तुला दिसणार नाही.

प्राचार्यांचा 'फुकटचं म्हणून भोकं' हा मुद्दा राहिला. त्यांना इक्विफॅक्सचं सांग. ही अमेरिकेतली बडी पतमापन कंपनी, पैशाची कमतरता नाही. अपाचे स्ट्रट्स या मुक्त-स्रोत पॅकेजातल्या त्रुटीचा पॅच ७ मार्च २०१७ ला आला, फुकट आला. पॅच मारा अशी सूचना कंपनीत फिरलीही. पण ते पॅकेज नेमकं कुठे कुठे बसलंय हे त्यांना सापडलं नाही, स्कॅननेही पकडलं नाही. मेच्या मध्यात चोर शिरले आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. पॅच लिहिणाऱ्यांनी आपलं काम केलं होतं. उलट ज्या ओपनएसएसएलवर अर्ध्या जगाचे व्यवहार चालत होते, त्या प्रकल्पाला हार्टब्लीडच्या आधी वर्षाला २,००० डॉलरच्या आसपास देणग्या मिळत. फुकट वापरलं सगळ्यांनी, सांभाळायला हातावर मोजण्याइतकी माणसं.

फक्त एक सावधगिरी. हे सगळं वाचून प्रत्येक पॅकेजचं ताज्यातलं ताजं व्हर्जन इंटरनेटवरून आणून बसवायला लागू नकोस. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या प्रोग्रामरला, दुरून सर्व्हरवर जायच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला. त्याने पाठपुरावा केला, तर एक्सझेड नावाच्या साध्या फाइल-संकोचनाच्या पॅकेजात, ५.६.० आणि ५.६.१ या अगदी ताज्या आवृत्त्यांत, मुद्दाम पेरलेली चोरवाट निघाली. ती पेरणाऱ्याने आधी दोनेक वर्षं मदतनीस म्हणून काम करून प्रकल्पाचा विश्वास कमावला होता. स्थिर डेबियन वापरणाऱ्यांपर्यंत ती पोचलीच नव्हती, कारण तिथे जुनं, ठिगळ लावलेलं व्हर्जन होतं. तुझ्यासारख्या एकट्या माणसाने त्याच वाटेने जावं: स्थिर आवृत्ती, आधार चालू असलेली, आणि तिच्याच भांडारातून येणारे सुरक्षा-पॅच.

पंधरा दिवसांत लाल रंग पूर्ण जाणार नाही, आणि तसं कबूल करू नकोस. प्राचार्यांना एका पानाचं पत्र दे: इतक्या ओळी तपासून पुराव्यासह खोडल्या, इतक्या या शनिवारी मिटतील, इतक्या नवा सर्व्हर आल्याशिवाय मिटणार नाहीत, आणि रिपोर्टात नसलेला प्रवेशाचा फॉर्म सर्वांत आधी बघायला हवा. जावाच्या होल्डचा उल्लेख त्यात तारखेसकट कर. कंत्राटदाराने लावलेली कडी तुझ्या नावावर राहायला नको. पत्राची आवक क्रमांकासह पोच घे.

फॉर्मच्या पोटात लॉग४जेचा कोणता नंबर निघतो ते मला कळव. क्रॉनटॅबमध्ये काही अनोळखी दिसलं तर मात्र माझ्या उत्तराची वाट बघू नकोस, आधी केबल काढ.